पगारातली अमानत

मी कविता लिहितो हे आपल्यापैकी काहींना ठाऊक असेल. पण माझं पोट कवितेवर कधी चाललं नाही. बी.ए. झालो आणि पुढची बरीच वर्षं चिकलठाण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात काढली. हजेरीपट, पगारपत्रक, रजेचे अर्ज आणि दर महिन्याला भरायचं ईएसआयचं चलन, हा माझा संसार. आज बोलायचं आहे ते या शेवटच्या कागदाबद्दल. पगाराच्या चिठ्ठीवर कपातीच्या रकान्यात ती तीन अक्षरं लाखो कामगार दर महिन्याला बघतात. ती कुठून आली आणि पुढे त्यांचं काय झालं, हे फार थोड्यांना माहीत असतं. मलाही नव्हतं. मी फक्त रक्कम लिहायचो.

ही कल्पना जर्मनीतली. १८८३ साली बिस्मार्कनं कामगारांच्या आजारपणाच्या विम्याचा कायदा केला. बिस्मार्क काही गरिबांचा कैवारी नव्हता. समाजवाद्यांच्या मागे जाणारा कामगार सरकारशी बांधून घ्यावा, हा त्याचा हिशेब. वर्गणीचे दोन भाग कामगारानं भरायचे, एक भाग मालकानं. आजारी पडला तर औषधपाणी, आणि तेरा आठवड्यांपर्यंत अर्धा पगार. इंग्लंडनं १९११ मध्ये तसाच कायदा केला. यातली खरी युक्ती औषधाची नव्हतीच. आजारी माणसाला दोन मार बसतात, एक दुखण्याचा आणि दुसरा बुडालेल्या मजुरीचा. दुसरा मारही भरून द्यायचा असतो, हे त्या कायद्यानं पहिल्यांदा कबूल केलं.

आपल्याकडे हा विचार मुंबईच्या गिरण्यांमुळे आला. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यावी की नाही यावर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या बाजूनं ठामपणे बोलले होते. १९२९ मध्ये तो कायदा झाला. पुढे १९४२ मध्ये तेच बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम एका अर्थशास्त्रज्ञाकडे सोपवलं गेलं. त्यांचं नाव प्रा. बी. पी. अदारकर. नावावरूनच ओळखू येईल, माणूस आपल्या मुलखातला. इंग्लंडमध्ये बेव्हरिज यांचा अहवाल नुकताच गाजत होता. अदारकरांना पंडित नेहरूंनी 'छोटा बेव्हरिज' म्हटलं, असं सांगतात. (रिझर्व्ह बँकेचे काही काळ गव्हर्नर असलेले अदारकर ते दुसरे, बी. एन. माझी स्वतःची या दोघांत पुष्कळ वर्षं गल्लत होत होती.)

१९४४ मध्ये अदारकरांनी अहवाल दिला. माणूस सावध होता. एवढ्या मोठ्या आणि गरीब देशात एकदम सगळ्यांना विमा देता येणार नाही, म्हणून कापड, इंजिनिअरिंग आणि खनिज-धातू या तीनच उद्योगांतल्या कामगारांपासून सुरुवात करा, असं त्यांनी सुचवलं. मग आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचे दोन तज्ज्ञ, मॉरिस स्टॅक आणि रघुनाथ राव, यांनी तो अहवाल तपासला. त्यांनी दोन मोठे बदल सुचवले. एक म्हणजे, बारमाही चालणारे सगळेच कारखाने योजनेत घ्या. हा बदल चांगला होता. दुसरा म्हणजे, पैशांचे लाभ एकानं सांभाळायचे आणि दवाखाने दुसऱ्यानं, म्हणजे प्रांतिक सरकारांनी. कागदावर हेही शहाणपणाचंच दिसतं, कारण दवाखाने चालवायचा अनुभव प्रांतांकडेच होता. पण माझ्या मते पुढच्या निम्म्या दुखण्यांचं मूळ या दुसऱ्या बदलात आहे. त्याकडे मी परत येईन.

एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विमा कायदा झाला. तेव्हा आमचं शहर भारतात नव्हतं. निजामाचं राज्य होतं, आणि पोलीस कारवाई व्हायला अजून पाच महिने होते. कायदा झाला तरी योजना सुरू होईना. सुरुवात मोजक्या शहरांतून करायची ठरली, तर तिथले मालक म्हणाले, आम्हीच का वर्गणी भरायची? दुसऱ्या गावचा गिरणीवाला भरणार नाही, त्याचं कापड स्वस्त पडेल, आमचं महाग. तक्रार अगदी खोटी नव्हती. अखेर १९५१ मध्ये कायदा दुरुस्त करून देशभरच्या मालकांवर थोडी थोडी खास वर्गणी बसवली, तेव्हा कुठे गाडं हललं. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूरला नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली, त्याच दिवशी दिल्लीतही. महाराष्ट्रात ती १९५४ मध्ये आली, आधी नागपूरला आणि मग मुंबईला. एक गोष्ट आज ऐकताना नवल वाटेल. सुरुवातीला दवाखाना फक्त कामगाराला होता. बायकोमुलं आजारी पडली तर योजनेचा संबंध नव्हता. कुटुंबाला औषधोपचार मिळू लागले ते १९५८ पासून, तेही टप्प्याटप्प्यानं.

आमच्या घरात मात्र १९५२ सालीही काही बदललं नाही आणि १९५८ सालीही नाही. अब्बा हिमरू विणायचे. तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली तेव्हा विणकर तिच्यामागे आले, असं आमच्याकडे सांगतात. खरंखोटं देव जाणे. नवाबपुऱ्यात एका छोट्या कारखान्यात मागावर बसायचे, नगावर मजुरी. सुताची आणि रेशमाची तूस नाकातोंडात जायची. शेवटची काही वर्षं त्यांचा खोकला हाच आमच्या घराचा गजर होता. अब्बांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. चार-पाच माणसांच्या कारखान्याला कायदा लागू नव्हता. त्या काळी तो वीस माणसांच्या वर लागू व्हायचा, पुढे दहावर आला. घरी चालायची ती अम्मांची भिशी. मोहल्ल्यातल्या बाया दर महिन्याला पैसे जमवायच्या आणि ज्या घरी आजार असेल तिचा नंबर आधी लावायच्या. बिस्मार्कचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं, पण विमा त्यांना कळत होता. आणि दुसरा आधार घाटीचा. १९५६ मध्ये सुरू झालेल्या आमच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं रुग्णालय म्हणजे घाटी. मराठवाड्यातल्या गरिबाचा खराखुरा विमा हाच, असं मला वाटतं. तिथं कुणी विचारत नाही, तुझा मालक कोण. अब्बांचा शेवटचा महिना तिथंच गेला.

म्हणून नोकरी लागली आणि माझ्या हातात ईएसआयचं कार्ड आलं, तेव्हा अब्बांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "याच्यात मी पण आहे?" होते. अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावं त्या फॉर्मात घालता येतात. त्यांचं नाव मीच माझ्या अक्षरात लिहिलं होतं. पण चिकलठाण्याला ते क्वचितच आले. "तिथं मशीनवाले लोक जातात," म्हणायचे.

योजना कशी चालते ते थोडं सांगतो, कारण गोम तिथंच आहे. कामगाराच्या पगारातून काही टक्के कापायचे, मालकानं त्याच्यापेक्षा जास्त टक्के घालायचे आणि दोन्ही मिळून महामंडळाकडे भरायचे. बरीच वर्षं कामगाराचे पावणेदोन आणि मालकाचे पावणेपाच टक्के होते. जुलै २०१९ पासून ते पाऊण आणि सव्वातीन झाले. त्या बदल्यात घरातल्या सगळ्यांचे उपचार, आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के पगार, बाळंतपणाची रजा, कामावर इजा झाली तर भरपाई आणि कायमचं अपंगत्व आलं तर आयुष्यभर दरमहा रक्कम. हे ९१ दिवस म्हणजे बिस्मार्कचेच तेरा आठवडे. शंभर वर्षांत आपण तिथवर पोहोचलो. पहिल्यांदा ते छप्पन्नच होते. ही योजना वाईट आहे असं म्हणणाऱ्याशी मी भांडतो. गरीब देशात इतक्या जुन्या काळी इतका भरगच्च विमा फार थोड्यांनी दिला.

पण आजारपणाचा पगार हवा असेल तर सहा महिन्यांच्या वर्गणीच्या मुदतीत ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कायम कामगाराला हा आकडा काहीच नाही. कंत्राटी माणसाचं मात्र त्यातच सगळं अडकतं. चार महिन्यांनी ठेकेदार बदलतो, निदान नाव बदलतो. माणूस तोच, मशीन तेच, डबाही त्याच खिळ्याला टांगलेला, पण कागदावर तो नवा. मधले खाडे धरले की ७८ काही भरत नाहीत. पगारातून कापलेलं मात्र कापलेलंच.

दुसरी मेख पगाराच्या मर्यादेची. ठरावीक रकमेच्या वर पगार गेला की कामगार योजनेबाहेर. ही मर्यादा २०१० मध्ये पंधरा हजार झाली, २०१७ मध्ये एकवीस हजार. मधली वर्षं ती जागच्या जागी आणि पगार मात्र महागाईबरोबर सरकत राहायचा. बायको डायलिसिसवर असलेला एक फिटर एका वाढीच्या वेळी माझ्या खिडकीशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "भाई, तेवढे दोनशे रुपये मला नका लावू." पगारवाढ नको म्हणणारा कामगार मी आयुष्यात तो एकच पाहिला. दोनशे रुपयांनी तो श्रीमंत ठरणार होता आणि बायकोचा दवाखाना सुटणार होता. युनियनच्या करारातली वाढ एकट्याची थांबवता येत नाही. त्याला वाढ लागली.

आता दवाखान्यांकडे येतो. पैसा महामंडळाचा, डॉक्टर राज्य सरकारचा. खर्चाचे आठ भाग केले तर सात महामंडळाचे आणि एक राज्याचा, अशी वाटणी ठरली. आपल्याकडे म्हण आहे, दोन घरचा पाहुणा उपाशी. औषध नाही म्हटलं तर राज्य म्हणणार महामंडळाकडून पैसे आले नाहीत, आणि महामंडळ म्हणणार राज्यानं मागणीच केली नाही. इकडे महामंडळाच्या गंगाजळीत शिल्लक साठत गेली आणि तिकडे दवाखान्यांत जागा रिकाम्या राहिल्या. मुंबईत पॅनेलचे खासगी डॉक्टर नेमायची पद्धत होती. तिथं रांगेत उपचारापेक्षा सुटीच्या सर्टिफिकेटला मागणी जास्त, असं गिरणगावातले जुने लोक हसत हसत सांगतात. हसण्यासारखं त्यात फार काही नाही. औषध मिळत नसेल तर माणूस निदान विश्रांती तरी मागणार. गिरण्यांचा १९८२ चा संप झाला, नोकऱ्या गेल्या, आणि वर्षानुवर्षं वर्गणी भरलेल्या माणसांचं कार्डही नोकरीबरोबर गेलं. डिसेंबर २०१८ मध्ये अंधेरीच्या कामगार रुग्णालयाला आग लागून माणसं दगावली, तेव्हा देशाला दोन दिवस या रुग्णालयांची आठवण झाली.

सुधारणा झाल्याच नाहीत असं नाही. महाराष्ट्रानं या कामासाठी वेगळी सोसायटी काढली. २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की या दवाखान्यांतली सेवा फुकट नाही, तिच्यासाठी वर्गणी भरलेली असते, म्हणून कामगार हा ग्राहक आहे आणि तो ग्राहक न्यायालयात जाऊ शकतो. मला हा निकाल फार आवडतो. रांगेतल्या माणसाची मान त्यानं थोडी वर केली.

मग २०१२ मध्ये राज्य सरकारनं राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू केली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ती राज्यभर नेली. पिवळ्या आणि केशरी शिधापत्रिकेवर दीड लाखापर्यंतच्या शस्त्रक्रिया, आणि हप्ता सरकारचा. २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतल्या पांढरं कार्ड असलेल्या शेतकऱ्यांनाही त्यात घेतलं. मराठवाड्याचे आठही जिल्हे त्यात होते. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि दोन्ही जोडल्या गेल्या. पुढे मर्यादा पाच लाख झाली आणि राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना योजना खुली करायचं ठरलं. अब्बांसारख्या माणसाचा विचार सरकारनं इथं केला, आणि मी त्याला उगाच नावं ठेवणार नाही. आमच्या गल्लीतल्या दोघांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया यातून झाल्या. पण विणकराचा खोकला यात बसत नाही. रुग्णालयात भरती झालात आणि आजार यादीत असला तरच योजना. रोजची साखरेची गोळी, रक्तदाबाची गोळी, तापात बुडालेली आठ दिवसांची मजुरी, यातलं काही नाही. बिस्मार्कनं ओळखलेला तो दुसरा मार इथं कुणाच्या हिशेबातच नाही. माणूस ऑपरेशन टेबलापर्यंत पोहोचला की आपण उदार होतो. त्याच्या आधीची दहा वर्षं तो एकटाच असतो.

एवढं सगळं मी का वाचत बसलो, तेही सांगायला हवं. नव्वदच्या दशकात आमच्या प्रेस शॉपमध्ये एका पोराची दोन बोटं गेली. पैठण तालुक्यातला, ठेकेदाराकडचा, कामाला लागून तीन आठवडे झालेले. त्याचा फॉर्म भरलेला नव्हता. तो भरायचं काम माझं, पण ठेकेदाराची माणसं महिनाभर टिकल्याशिवाय त्यांचे फॉर्म भरायचे नाहीत अशी आमच्याकडे रीत होती आणि मी ती पाळत होतो. कपात मात्र पहिल्या पंधरवड्यापासून. त्याला खासगी दवाखान्यात नेलं, मलमपट्टीचं बिल भरलं, हातात पाच हजार ठेवले आणि गावाकडच्या एसटीत बसवून दिलं. पावतीवर त्याचा अंगठा घ्यायला मलाच सांगितलं. उजव्या हाताला पट्टी होती. मी डाव्याचा घेतला.

फॉर्म नाही म्हणजे विमा नाही, असं मी खरंच समजत होतो. बऱ्याच वर्षांनी कायद्याचं पुस्तक विकत घेतलं आणि रात्री जागून वाचलं. कलम ६८ सापडलं. मालकानं वर्गणी भरली नाही म्हणून कामगाराचा लाभ बुडत असेल, तर महामंडळ तो लाभ कामगाराला देऊ शकतं आणि पैसे मालकाकडून वसूल करू शकतं. कामावरच्या इजेला ७८ दिवसांची अट नाही, पहिल्या दिवसापासून हक्क. बोटांच्या नुकसानीची टक्केवारी कायद्याच्या परिशिष्टात छापलेली. आणि कलम ४० मध्ये एक वाक्य आहे, की पगारातून कापलेली रक्कम मालकाकडे विश्वासानं ठेवायला दिलेली आहे असं समजलं जाईल. आमच्या घरी याला अमानत म्हणतात. लहानपणी अम्मांनी शिकवलेल्या पहिल्या दहा शब्दांतला तो शब्द. मी त्या चलनांवर इतकी वर्षं सह्या करत होतो आणि तो शब्द तिथं आहे हे मला दिसलं नव्हतं.

तो मला पुन्हा भेटला सिद्धार्थ उद्यानाच्या बाहेर, २००९ च्या पावसाळ्यात. मक्याची कणसं भाजत होता. मी ओळखलं नाही, त्यानं ओळखलं. "टाइम ऑफिसवाले भाई ना तुमी?" मी पुस्तकात वाचलेलं सगळं त्याला तिथंच उभ्या उभ्या सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं, कणीस उलटवलं आणि विचारलं, "मंग आता मिळल का?" दावा करायची मुदत तीन वर्षांची असते. तेवढी वर्षं कधीच उलटून गेली होती. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "तो नंबर लिहून द्या मंग. पोरगं मोठं व्हायलंय, तेबी कंपनीतच जाईल." कणसाच्या कागदावर मी ६८ लिहून दिलं.

पोरगं खरंच वाळूजला लागलं, प्रेसवरच. मला चाचा म्हणतं, ईदला येतं. मधल्या काळात कायदाच बदलला. २०२० मध्ये संसदेनं सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली, जुने नऊ कायदे तिच्यात विरघळवले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. जालना रोडवर मोटारसायकलवरून डबे पोचवणाऱ्या पोरांचं नाव त्यात पहिल्यांदा कायद्यानं घेतलं आहे, ही चांगली गोष्ट. त्यांच्या हातात काय पडतं ते नियमांवरून कळेल. १९४८ चा कायदा आता जुन्या पुस्तकांत गेला. बातमी आली त्या आठवड्यात त्या पोराचा फोन आला. "चाचा, कायदा नवा झाला म्हणत्यात. आब्बाच्या कागदावरचा नंबर चालतो का अजून?"

नव्या संहितेचं पुस्तक मी मागवलं आहे. कलमांचे नंबर सगळे बदललेत. त्याच्यासाठी नवा शोधून ठेवायचा आहे.